दोन पाट आणि दहा बोटं

पाथर्डी फाटा, नाशिक
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या वेणूचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून. कमरेची तक्रार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला नामपूरच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की वाढतो असं तू म्हणतेस, म्हणजे सध्या जोरात असणार. त्यांना म्हणावं, दुकानाच्या दारात खुर्ची टाकून ट्रॅक्टर मोजत बसू नका, आत बसा. इकडे सगळे मजेत. ऊन चढलंय, माठ बदललाय, आणि श्यामलाने गच्चीवर कुरडया घातल्यात. लग्नघर असूनही कोणी कोणाशी अबोला धरलेला नाही, यावरून काय ते समज.

तू म्हणशील, फोन असताना हा पत्र का लिहितोय. फोनवर बोलायची सोय राहिली नाही गं. मी तुला फोन लावला की श्यामला तो स्पीकरवर टाकते आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर दुरुस्ती सांगते. परवाचं तुझं-माझं बोलणं आठव. मी एवढंच म्हणालो की काम छान चाललंय, आणि मागून तिचा आवाज आला, "वन्सं, यांनी करवत आणलीय, विजेची!" त्यानंतर तू जे ओरडलीस ते शेजारच्यांनीही ऐकलं. तेव्हा पहिली गोष्ट पहिली लिहितो. माझी दहाही बोटं जागच्या जागी आहेत. हे पत्र त्यांतल्याच तिघांनी धरलेल्या पेनाने लिहितोय, आणि अक्षर बघ, हललेलं नाही.

आता सगळं सविस्तर. साखरपुड्याला तू गुडघ्यामुळे येऊ शकली नाहीस, नाहीतर हे घडलंच नसतं (तू मला टेबलाखालून चिमटा काढला असतास). जेवणं चालली होती. श्रीखंडाची दुसरी फेरी झाली होती. विहीणबाई म्हणाल्या की त्यांच्या पुतण्याच्या लग्नात कार्यालयाने दिलेला पाट असा डुगडुगत होता की मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरामुलगा एका पायावर तोल सांभाळत होता. सगळे हसले. आणि मी, कोणी काही विचारलेलं नसताना, वाटी खाली ठेवून जाहीर केलं की आमच्या यशश्रीच्या लग्नात अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना जे पाट मांडले जातील ते मी स्वतः, माझ्या हाताने, सागवानी लाकडाचे बनवीन. ज्याने जन्मात खिळा ठोकला नाही त्याच्याकडे लोक ज्या नजरेने बघतील त्या नजरेने सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. श्यामला म्हणाली, "यांना श्रीखंड वाढू नका आता." पण ताई, यशश्री हसली नाही. ती ताटावरून मान वर करून म्हणाली, "खरंच बाबा?" लहानपणी पतंग करून देतो म्हटलं की विचारायची ना, तसं. (पतंग झाला नव्हता, तुला आठवत असेल.) आता सांग, माघार कशी घ्यायची?

लग्न वैशाखात. बाजारात तयार पाट मिळतात, सुतारही मिळतात, हे मला घरातल्या प्रत्येकाने आणि दूधवाल्याने सांगून झालंय. पण शब्द माझ्या हातांचा होता. मग मी अंबडला गेलो. सगळी नोकरी मी तिथल्या कंपनीच्या खरेदी खात्यात काढली, माझ्या सहीने मोठमोठी मशिनं आली आणि मी त्यांतल्या एकाचंही बटण कधी दाबलं नाही. ओळखीतून एका फर्निचरवाल्याकडे टेबल सॉ मिळाला. म्हणजे असं बघ, लोखंडी टेबल असतं, त्याच्या मधल्या फटीतून गोल दातेरी पातं अर्धवट वर आलेलं असतं, आणि खाली मोटर. इथे करवत जागची हलत नाही, लाकूड तिच्याकडे सरकवत न्यायचं. स्वभावाने थोडीफार आपल्या कै. आत्यासारखी.

ते टेम्पोतून उतरलं तेव्हा श्यामलाने त्याला हळदकुंकू वाहिलं, ते ठीक. नंतर तिला त्याच्यावर नारळ वाढवायचा होता. मी म्हटलं, अगं, खाली विजेची मोटर आहे. तर म्हणाली, मग तर वाढवायलाच हवा. शेवटी नारळ उंबऱ्यावर वाढवला आणि मशिनला नुसता नमस्कार केला. पहिल्या कापाचा मुहूर्त आपल्या शौनकने काढून दिला (काकांचा नातू, रामकुंडावर यजमानांची कामं बघतो तो). मुहूर्त इतका उत्तम होता की बरोबर त्याच वेळी लाईट गेली. शौनक फोनवर म्हणाला, "काका, नुसता हात लावला तरी चालतो." लाईट नसताना हात लावायला मला काहीच हरकत नव्हती.

आता तुझ्या काळजीचा मुद्दा. मी नुसतं बटण दाबून सुटलेलो नाही. मी अभ्यास केला. व्हिडिओ बघितले, मशिनबरोबर आलेलं पुस्तक वाचलं, आणि त्यातले नियम देवघराशेजारी चिकटवले. पातं लाकडाच्या वर जेमतेम दात दिसेल एवढंच ठेवायचं, कोयत्यासारखं उगारून नाही. पात्यामागे पोलादाची पातळ पाचर असते, ती कधीही काढायची नाही, कारण कापलेलं लाकूड मिटून पात्याला धरू बघतं, आणि पात्याने धरलं की ते उलटं फेकतं. लाकडाचा शेवटचा भाग हाताने नाही, काठीने ढकलायचा. पात्याच्या थेट मागे उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं. काम झालं की प्लग काढायचा. पातं थांबल्याशिवाय तुकडा उचलायला जायचं नाही, कितीही साधा दिसला तरी. यांतला प्रत्येक नियम मी पाळतो. आणि पाळला की नाही हे तपासायची श्यामलाची स्वतःची पद्धत आहे. मागच्या अंगणात मशिनसाठी पत्र्याची शेड आहे, तिच्यातून मी बाहेर आलो की ती नळाशी तांब्या घेऊन उभी. "ओंजळ करा." मी करायची, तिने पाणी ओतायचं, आणि थेंब गळतो का बघायचं. कन्यादानाला धार ती सोडणार, पाणी माझ्या ओंजळीतून पोरीच्या ओंजळीत जाणार. "बँडेज बांधलेला हात मी तिथे चालवून घेणार नाही," असं तिने सांगितलंय, "आणि बोट कमी असेल तर पाणी भलत्याच जावयाच्या हातावर पडायचं." विनोद करताना तिचा चेहरा हलत नाही, तेव्हा मी बोटं आणखी जवळ घेतो.

पहिला काप मात्र तसा नीट गेला नाही. टेबलावर पात्याला समांतर अशी एक लांब पट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. लाकूड तिला टेकवून पुढे सरकवायचं, म्हणजे काप सरळ येतो. माझी फेन्स पात्याशी किंचित तिरकी होती. किंचित म्हणजे डोळ्यांना कळणार नाही इतकी, पण पात्याला कळली. चाचणीचा साधा लाकडाचा तुकडा अर्ध्यात जाऊन अडकला, गुरगुरला, आणि गेला. कुठे गेला ते मला दिसलं नाही. मी बाजूला उभा होतो म्हणून माझ्या पोटाऐवजी दारातून बाहेर गेला, आणि गच्चीवर पोचला. श्यामलाचा आवाज आला, "अहो, कुरडयांत लाकूड आलंय!" (कुरडया बऱ्याच वाचल्या. लग्नात तुझ्या पानात एखादी जरा भुशाची लागली तर कारण कळेल.)

आता पुढचा प्रसंग तुझ्या कानावर विहीणबाईंकडून यायच्या आत माझ्याकडून ऐक. नियमांत एक महत्त्वाचा नियम असा की सैल कपडे नकोत. बाही, उपरणं, गळ्यातलं, मनगटावरचा दोरा, काहीही पात्यात ओढलं जाऊ शकतं. माझे सगळे सदरे सैल. तेव्हा मी विचार केला की कपडाच नको. त्यातून पत्र्याची शेड, चैत्राचं ऊन. मी उघडा आणि खाली जुनी खाकी अर्धी चड्डी असा कामाला लागलो. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क, कानांवर आवाज अडवायच्या त्या दोन वाट्या. राहिलं जानवं. उघड्या अंगावर जानवं लोंबतं आणि वाकलं की नेमकं पात्याकडे जातं. काढून ठेवणं शक्य नाही, आपल्या आबांच्या आत्म्याला काय वाटेल. मग मी ते गुंडाळून उजव्या कानावर टाकलं आणि वरून वाटी दाबून बसवली. सुरक्षेच्या दृष्टीने यात काहीही खोट काढता येणार नाही.

नेमके त्याच वेळी व्याही पद्माकरराव आणि विहीणबाई पत्रिकेतली नावं तपासायला, न कळवता आले. श्यामला त्यांना मागच्या अंगणात घेऊन आली, मी कुठे आहे ते दाखवायला. त्यांनी काय बघितलं असेल? पत्र्याच्या एका लहान खोलीचं दार उघडतं, आतून यजमान उघड्याने, कानाला जानवं लावून, तोंड बांधून बाहेर येतात, आणि शेजारच्या नळावर खसाखसा हातपाय धुतात. (अंगभर भुसा होता गं.) विहीणबाईंनी लगेच तोंड फिरवून तुळशीचं कौतुक सुरू केलं. पद्माकररावांना मधुमेह आहे, आणि ते नाशिकरोडहून रिक्षाने हादरत आले होते. ते माझ्याजवळ येऊन हळूच काहीतरी बोलले. कानावर वाट्या होत्या, मला ऐकूच आलं नाही. माणूस हसतोय म्हणजे "काम कसं चाललंय" असंच विचारणार, म्हणून मी मान डोलावून शेडकडे हात केला. ते आत गेले. आणि त्यांनी आतून कडी लावली.

मी वाट्या काढेपर्यंत श्यामलाने कपाळाला हात लावला होता. "अहो, ते तिकडे का गेले?" मी म्हटलं, करवत बघायला. ती म्हणाली, "तुमच्या कानाकडे बघा आधी!" कानाकडे बघता येत नाही, पण हात गेला आणि मला सगळं समजलं. आम्ही दोघं दाराशी धावलो. आतून कसलाच आवाज नाही. प्लग काढलेला होता (नियम!), म्हणून मला भीती नव्हती. मग खुट्ट झालं. कोणीतरी प्लग लावल्याचं ते खुट्ट होतं. मग पातं सुरू झालं. ताई, बंद दाराआड व्याही आणि चालू करवत, बाहेर विहीणबाई "अहो! अहो, काय करताय?" म्हणून पत्रा बडवताहेत, आणि श्यामला माझ्याकडे अशी बघत होती की लग्न मोडलं तर कोणामुळे हे ठरून गेलं होतं. मी खोटं नाही सांगत, त्या थोड्या वेळात मला पाट नाही, पत्रिका नाही, फक्त पोरीचा चेहरा दिसत होता.

आवाज थांबला. कडी निघाली. पद्माकरराव बाहेर आले ते केसांत भुसा घेऊन आणि असे खुललेले की जणू मुलगा नाही, तेच बोहल्यावर चढणार आहेत. म्हणाले, "वेणीमाधवराव, तुमची फेन्स तिरकी आहे." ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर कालव्यांचे दोन काठ समांतर ठेवलेले, त्यांचा डोळा तिथेच गेला. दिव्याचं बटण शोधताना हिरवं बटण सापडलं, ते चालेना म्हणून प्लग लावला, आणि मग राहवेना, एवढीच हकिगत. "मला असलं एक किती दिवसांपासून घ्यायचं होतं," ते म्हणाले, "ही घेऊ देत नाही." विहीणबाई म्हणाल्या, "ते राहू दे. तुम्ही आत कशासाठी गेला होतात?" तेव्हा त्यांना एकदम आठवलं, आणि ते घरात धावले.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी येतात. पत्रिका तपासायची राहिली असं घरी सांगतात. आम्ही पट्टीने मोजून फेन्स सरळ केली, पात्याच्या पुढच्या आणि मागच्या दातापासून सारखी, आणि खरा सागवानी फळा टेबलावर घेतला. काय सांगू, ताई! लाकूड एका संथ वेगाने, ना थांबवत ना रेटत, पुढे न्यायचं. थांबलं की कडेला जळकी काळी खूण उमटते, रेटलं की दातांचे ओरखडे. पहिला काप आला तो चांगला होता, पण एका जागी मी शिंकलो तिथे काळा डाग पडला. पद्माकरराव म्हणाले, "केसभर काढून टाकू." दुसरा काप त्याहून छान. मग ते म्हणाले, "आता मला घेऊ द्या." त्यांचा काप माझ्यापेक्षा जरा बरा आला, ते मला मान्य करणं शक्य नव्हतं. मग माझा आला तो त्यांच्यापेक्षा बरा. काल दुपारी तर असा काप आला की कडेवरून बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं. आम्ही दोघांनी आळीपाळीने बोट फिरवलं. चहा निवला. श्यामला म्हणाली, पाट कधी करणार? मी म्हटलं, आधी हात बसू दे.

एकूण कामाची प्रगती अत्यंत समाधानकारक आहे. काप स्वच्छ, बोटं पूर्ण, व्याह्यांशी संबंध असे की मुलांचं एखाद वेळी वाजलं तरी आमचं वाजणार नाही. तू निर्धास्त ये. भावोजींना नमस्कार. तिकडच्या सगळ्यांना लग्नाचं आग्रहाचं बोलावणं, पत्रिका मागून येते (तपासणं चालू आहे).

तुझा,
वेणू

ता. क. येताना एक छोटं काम. तुझ्याकडे दोन जुने सागवानी पाट असतील, जेवायला बसायचे. नसले तर शेजारून माग. साडीत गुंडाळून, कोणाला न दाखवता आण. मागे कोणाचं नाव कोरलेलं असेल तर भावोजींना घासून काढायला सांग.

ता. क. २. का, ते विचारू नकोस. बरं, सांगतो. सागवानी फळा संपला. त्याच्या अतिशय सरळ, गुळगुळीत, एकसारख्या पट्ट्या झाल्यात. असे काप तुला नाशिकच्या एकाही वखारीत मिळणार नाहीत. पण पट्टीवर नवरीला उभं करता येत नाही. पद्माकररावांनाही हे कालच लक्षात आलं. ते म्हणतात, त्यांच्या खात्यातही असं व्हायचं. आम्ही दोघांनी हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. यशश्रीला मी रोज सांगतो, पाट जवळजवळ झालेच.

ता. क. ३. पट्ट्या शेडच्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवल्या होत्या, त्या आज दिसत नाहीत. बहुधा श्यामलाने पाणी तापवायला घेतल्या. बरंच झालं, पुरावा राहिला नाही. पाकीट चिकटवायचं होतं तर घरातला फेविकॉलचा मोठा डबाही सापडत नाही. तेव्हा पाकीट उघडंच श्यामलाकडे देतो, ती संध्याकाळी पोस्टात टाकेल. ती कोणाची पत्रं वाचत नाही.

— — —

वन्सं, नमस्कार. मी वाचते.

पाट आणू नका. यशश्रीनेच शेडमध्ये पट्ट्या बघितल्या आणि हसत सुटली, मग डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, मी याच लाकडावर उभी राहणार." आम्ही दोघींनी काल रात्री पट्ट्यांना फेविकॉल लावून, साडीच्या काठांनी करकचून बांधून, गव्हाच्या कोठीखाली दाबून ठेवल्या होत्या. आज दुपारीच सोडल्या. पाट थोडे अरुंद झालेत, बराचसा साग भुशात गेला ना. पण दोघं अंग चोरून उभी राहतील, पुढच्या संसाराला ती सवय बरीच.

तुम्ही मात्र आठ दिवस आधी या. दोघांना त्या शेडपासून लांब ठेवायला घरात कोणीतरी ओरडणारं हवं, आणि माझं ते आता मनावर घेत नाहीत. भावोजींना करवतीचं काही सांगू नका, नाहीतर तिघं होतील.

पाटांवरून मी हात फिरवून बघितला, उन्हात नेऊनही बघितलं. सांधा कुठे आहे तो मलाही सापडला नाही. हे तेवढं यांना लग्न होईपर्यंत सांगू नका. लगेच पलंग करायला घेतील.

— श्यामला